दोन बोटं जास्त

“ताई, भिंतीचा कागद चालेल का?”

कात्रणने मान वर केली. समोर एक उंच तरुण, केसांना वाळलेली खळ, एका काखेत किटलीचा खोका आणि दुसऱ्या काखेत वॉलपेपरची उरलेली गुंडाळी.

“बहिणीला किटली द्यायचीय. तुमचे चकचकीत कागद छान आहेत, पण ते फाडून फेकणार ना शेवटी… आणि हा तुकडा कामावरचा उरलाय.”

कात्रण मनातून खूश झाली. मावशीच्या दुकानात भेटवस्तू बांधायचं टेबल तिचं. तळहाताएवढा कागदही ती टाकत नसे, म्हणून तर हे नाव पडलं होतं. पण ते ‘ताई’ काही तिला रुचलं नाही.

“चालेल की, दादा,” ती म्हणाली. वॉलपेपरवाला कानापर्यंत लाल झाला.

तिने खोक्याभोवती दोरा फिरवला, तो कागदावर ठेवला आणि पुढे दोन बोटं जागा सोडली. “एवढंच जास्त घ्यायचं. कमी पडला तर पोट उघडं, फार झाला तर गबाळा.” जाड कागद घडीवर तडकू नये म्हणून आधी पट्टीने रेघ दाबली. कागद रुंदीला अपुरा होता, तिथे दुसऱ्या रंगाची पट्टी अशी लावली की जोड हीच शोभा झाली. खोक्याचा एक कोपरा चेपला होता, तोही घडीत लपला. तो तिच्या बोटांकडे बघत होता आणि हे तिला चांगलंच कळत होतं.

पुढच्या शनिवारी स्वारी परत हजर! या वेळी खोक्यासोबत निळ्या पट्ट्यांचा तुकडा. त्याच्या पुढच्या शनिवारी हिरवी पानं. बांधायला पाच मिनिटं लागत, बोलायला अर्धा तास. मावशी पलीकडून खाकरे, तेव्हा कुठे तो निघे.

चौथ्या शनिवारी कात्रणने दोरा फिरवला आणि थबकली. पहिल्या दिवशीचा दोरा तिने जपून ठेवला होता. तिने तो शेजारी धरला… तंतोतंत. कोपराही तोच, चेपलेला. आत मात्र किटली नव्हती, नुसती सळसळ ऐकू येत होती.

“बहिणी किती तुम्हाला?”

“एकच.”

“मग हे कोणासाठी?”

“आहे एकजण,” तो खाली बघत म्हणाला. “विचारायचं धाडस होत नाही…”

तिचा चेहरा उतरला. आपण उगाच हवेत मनोरे बांधले की काय? त्यातच सकाळी मावशीने सांगितलं होतं, “पुढच्या शनिवारनंतर हे टेबल काढायचं गं. तयार पिशव्या येतायत. तू गल्ल्यावर बस.” टेबल गेलं की तो कशाला येईल? कात्रणला तो आवडला होता, अगदी मनापासून. आणि आता हातात एकच शनिवार उरला होता.

तो दाराकडे तोंड करून उभा होता. तिने पटकन पेन्सिल उचलली आणि कागदाच्या आतल्या बाजूला लिहिलं – ‘खोका मी ओळखलाय. कोणासाठी ते शनिवारी सांगा. नंतर हे टेबल नसेल.’ मग नेहमीसारखा खोका बांधून दिला.

शनिवार उजाडला. अकरा वाजले, दोन वाजले, चार वाजले. तिने एकच पुस्तक दोनदा उलटं बांधलं. पाचला तो धापा टाकत आला. हातात तोच खोका, पण काय अवस्था! चिकटपट्टीच चिकटपट्टी, एका बाजूला पोट उघडं.

“हा मी बांधलाय. तुमच्यासाठी. उघडा.”

जिने आयुष्यात कधी कागद फाडला नव्हता, तिने टर्रकन फाडला. आत तिनेच बांधलेले चारही कागद होते, घडी न मोडता ठेवलेले. सगळ्यात वर तिच्या पेन्सिलीची ओळ आणि खाली त्याचं वेडंवाकडं अक्षर – ‘तुझ्यासाठीच. पहिल्या दिवसापासून.’

“म्हणजे इतके दिवस मी…”

“किटली बहिणीला दिली, खोका ठेवून घेतला. दर वेळी आधीचे कागद आत असायचे. आणखी कुठलं निमित्त काढणार? पहिल्याच दिवशी ‘ताई’ म्हणून बसलो होतो, तेच निस्तरतोय.”

तिला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. “मला तू आवडतोस,” ती म्हणाली. “पण ही बांधणी मुळीच आवडली नाही. एवढी शिकवली तरी दोन बोटं विसरलास?”

“विसरलो नाही,” तो म्हणाला आणि तिची दोन बोटं त्याने अलगद हातात घेतली.

तेवढ्यात मावशी धावत आली. “कागद फाडल्याचा आवाज आला! कोणी फाडला?”

“मी,” कात्रण म्हणाली.

मावशीने फाटक्या कागदाकडे पाहिलं, मग त्या हातांकडे. “तू फाडलास? मग प्रकरण गंभीर आहे,” ती म्हणाली आणि दाराकडे वळता वळता पुटपुटली, “टेबल राहू दे बाई तिथंच.”