हजेरीतली रिकामी जागा

दुपारचे तीनच वाजले होते, पण डेट्रॉइटमधल्या त्या तळघरातला जानेवारीचा उजेड केव्हाच विझला होता. जुन्या टेपा दुरुस्त करणाऱ्या रोशेलने फळं सुकवायच्या यंत्रातून टेपची चकती अलगद बाहेर काढली. जुन्या टेपा अशा रात्रभर उबेत ठेवाव्या लागतात. नाहीतर त्या चिकटतात आणि गाणं भुकटी होऊन गळून पडतं. ही तर इतकी खंगलेली, की एकदा वाजली तरी नशीब. मेणाच्या खडूंसारखा उबट वास खोलीभर पसरला.

"माझ्या बहिणीला भाजलंस की उकडलंस, पोरी?" खुर्चीतल्या अर्लीनबाईंनी विचारलं. मंगळवार असूनही त्या चर्चला जायची पिसाची टोपी घालून आल्या होत्या.

रोशेल हसली, पण चकती तिने दोन्ही हातांनी जपून धरली होती. एकच उरलेली प्रत हातात असली की तिचं असंच व्हायचं.

एकोणीसशे पंचाहत्तर साली अर्लीनबाईंची थोरली बहीण ओडेसा आणि तिच्या गल्लीतल्या मंडळींनी हा अल्बम केला होता. लोखंड वितळवणाऱ्या ओतशाळेच्या धुराने खोकणाऱ्या माणसांची गाणी. पण बास गिटार असा ठुमकणारा, की सांत्वनाला आलेल्याचीही कंबर हलावी. रेडिओवाल्यांनी तो अल्बम वाजवला नाही, आणि तबकड्या कुणाच्या तरी गॅरेजमध्ये भिजून गेल्या. शेवटच्या गाण्यात ओडेसा गल्लीतल्या एकेकाला नावाने हाक मारते आणि तो माणूस ठेक्यावर म्हणतो, "इथंच आहे." अर्लीन मात्र ध्वनिमुद्रणाच्या दिवशी गेलीच नव्हती. तिचा नवरा ओतशाळेत होता, आणि बायको गायली तर तुझी नोकरी गेली समज, असं मुकादमाने त्याला बजावलं होतं. बाकीचे म्हणाले, तिचं नाव गाळू. ओडेसाने ऐकलं नाही. हाक मारली आणि पुढची जागा रिकामी ठेवली.

पुढे तेरा वर्षं दोघी बहिणी हवेबद्दल बोलल्या, रताळ्याच्या गोड पाईबद्दल बोलल्या. त्या गाण्याबद्दल कधीच नाही. मग ओडेसा खोकत खोकत गेली. अर्लीनबाईंना एवढंच ऐकायचं होतं, की तिने हाक रागाने मारली होती की मायेने. आजवर धीरच झाला नव्हता.

चकत्या फिरू लागल्या. आधी खरखर, मग खंजिरी, मग तो बास. अर्लीनबाईंची टाच नकळत ठेका धरू लागली. एकेक नाव आलं, एकेक उत्तर आलं. आणि मग...

"अर्लीन..."

राग नव्हता. लहान बहिणीला जेवायला बोलवावं, तसा आवाज होता.

मोकळी जागा आली. अर्लीनबाईंनी ओठ दाबून धरले, पण बाईंना राहवेना. "इथंच आहे, ओडेसा," त्या पुटपुटल्या.

बास थांबला. खंजिरी तेवढी संथपणे हलत राहिली.

"किती उशीर केलास गं," टेपमधला आवाज म्हणाला. "ये, बस. आणि ही शेजारी कोण आणलीस?"

रोशेल दचकून पुढे झाली. तिने यंत्र बंद करायला हात नेला... बटण आधीच बंद होतं. टेपचा शेवट सुटून उजव्या चकतीवरून नुसता लोंबत होता. डावी चकती रिकामी होती; टेप केव्हाच संपली होती.

खंजिरी हलत होती.

अर्लीनबाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण चेहरा रविवारसारखा उजळला होता. त्यांनी रोशेलच्या कोपराला हळूच स्पर्श केला.

"उभी राहा, बाळ," त्या कुजबुजल्या. "नवीन पाहुण्याने आपलं नाव आपणच सांगायचं असतं. आईने चर्चमध्ये शिकवलं नाही का?"

आईने शिकवलं होतं. रोशेल उभी राहिली होती, आणि आपण केव्हा उठलो ते तिला आठवत नव्हतं.

खंजिरी एक ठोका थांबली... तिच्या नावाची वाट पाहू लागली.