दीडशे माणसांचा कौल

सोडतीत झेबा मुलाणीचं नाव निघालं तेव्हा सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. ऊर्मी काटकरनंही वाजवल्या, पण तिचे हात नुसतेच एकमेकांना लागत होते. आवाज येत नव्हता.

झेबा तिची पहिलीपासूनची मैत्रीण. गणितात झेबाची गाडी कशीबशी पुढे सरकायची आणि चार माणसांसमोर उभं केलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. ऊर्मी मात्र विज्ञानात पहिली, वादविवादात पहिली. मग सोडतीच्या यंत्रानं ऊर्मीला सोडून झेबाला का उचललं? ऊर्मीला हे कोडं काही केल्या सुटेना.

सोडत होती कासारतळे शहराच्या ‘कौला’साठी. त्या काळापर्यंत प्रत्येक शहराच्या नगरसभेला आपल्यापुरते कायदे करण्याचा अधिकार मिळाला होता. कासारतळ्याच्या नगरसभेत एकवीस सभासद होते. एकदा निवडून आले की पाच वर्षं ते आपापल्या मनानं मत देत. पूर्व विभागाच्या सगुणाबाई घोरमाडे यांनी मात्र निवडणुकीतच वचन दिलं होतं : ‘मोठा प्रश्न आला की विभागातल्या दीडशे माणसांची नावं सोडतीनं काढू. ती माणसं सगळी माहिती ऐकतील, चर्चा करतील आणि ठरवतील. सभागृहात माझा हात त्यांच्या सांगण्याप्रमाणे वर होईल.’ बारा वर्षांवरच्या कुणाचंही नाव या सोडतीत येऊ शकत होतं.

प्रश्नही मोठाच होता. शहराच्या मधोमध पसरलेलं तळं तरंगत्या सौरपट्ट्यांनी पूर्ण झाकायचं का? झाकलं तर भरपूर वीज मिळणार होती आणि बाष्पीभवन (उन्हानं पाण्याची वाफ होऊन उडून जाणं) कमी होणार होतं. ऊर्मीला तर ही वीज हवीच होती. रोज दुपारी वीज जायची आणि शाळेतली तिची लाडकी यंत्रमानवांची प्रयोगशाळा बंद पडायची.

सोडतीचं यंत्र बनवलं होतं ऊर्मीच्या आत्यानं. डॉ. कुमुदिनी काटकर संख्याशास्त्रज्ञ होत्या आणि ऊर्मीच्याच घरी राहत. ऊर्मी घरी पोचली तेव्हा कुमुदआत्या ओट्यापाशी मिसळीचा रस्सा ढवळत होती आणि घरातला यंत्रमानव ढब्बू, भोपळ्यासारखं पोट सांभाळत, फरसाणाचा डबा धरून उभा होता.

“आत्या, यंत्र तुझंच आहे ना? मग झेबाच्या जागी माझं नाव घाल.”

“का गं?”

“मला तिच्यापेक्षा जास्त कळतं म्हणून!”

“कळत असेलही,” आत्या म्हणाली. “पण मला हुशार माणसं निवडायचीच नाहीत. मला अख्खा विभाग लहान करून एका खोलीत बसवायचाय. अठरा हजार माणसं खोलीत मावत नाहीत, म्हणून नमुना घ्यायचा. नमुना म्हणजे मोठ्या समूहातून काढलेला छोटा गट. तो चिठ्ठ्या टाकून, आंधळेपणानं काढला, तरच त्यात सगळ्या तऱ्हेची माणसं येतात. हुशार, साधी, बोलकी, अबोल. मी माझ्या भाचीला आत घातलं की त्याच क्षणी तो नमुना बिघडला.”

“म्हणजे मी नकोच!” ऊर्मी म्हणाली आणि ताट न घेताच खोलीत निघून गेली.

पुढचे चार रविवार तिला फार जड गेले. सकाळी झेबा गळ्यात निळी फीत घालून नगरभवनाकडे निघायची. संध्याकाळी आत्या घरी येऊन सांगायची, “आज झेबानं काय सुरेख प्रश्न विचारला! पट्ट्यांखाली अंधार झाला तर पाण्यातल्या शेवाळाचं काय होईल, म्हणाली.” ऊर्मी मान खाली घालून जेवायची. हा प्रश्न आपणही विचारला असता, असं तिला वाटायचं. मग वाटायचं, खरंच विचारला असता का? त्या विचारानं तर ती आणखीच चिडायची. शाळेत तिनं झेबाच्या बाकावरून आपलं दप्तर उचललं आणि खिडकीजवळ जाऊन बसली.

चौथ्या रविवारी कौल जाहीर झाला. दीडशेपैकी एक्केचाळीस जणांना पूर्ण तळं झाकायला हवं होतं. बारा जणांना पट्टे मुळीच नको होते. उरलेले सत्त्याण्णव म्हणाले, अर्धं तळं झाका, अर्धं उघडं ठेवा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ऊर्मीनं झेबाला गाठलं. “तू कुठे हात वर केलास?”

“अर्ध्याला,” झेबा हळूच म्हणाली.

“अगं, महिन्यापूर्वी तूच पूर्ण झाका म्हणत होतीस!”

“म्हणत होते. पण तिथं कळलं ना, पाण्यातलं शेवाळ उजेडात प्राणवायू सोडतं. त्यावर मासे जगतात. सगळं तळं झाकलं तर मासे गुदमरतील, पाणी सडेल. अर्धं उघडं ठेवलं तर चालतं, असं मोजून दाखवलं त्यांनी. मग मी मत बदललं.”

“तुला कुणीही काहीही पटवतं!” ऊर्मी म्हणाली.

झेबाचे डोळे भरून आले. ती वर्गात निघून गेली. ऊर्मीला क्षणभर बरं वाटलं, आणि मग मुळीच बरं वाटेना.

त्याच दुपारी तिनं ठरवलं, हा कौल चूक आहे हे सिद्धच करायचं. शाळेतल्या पालकांच्या गटावर, आपल्या वसाहतीच्या गटावर, यंत्रमानव मंडळाच्या गटावर तिनं एकच प्रश्न टाकला : ‘तळं पूर्ण झाकायचं का?’ दोन दिवसांत चारशे बारा उत्तरं आली. त्यातली तीनशे तीस ‘हो’ होती. शंभरात ऐंशी! ऊर्मी सायकलवर टांग टाकून थेट सगुणाबाईंच्या घरी गेली.

सगुणाबाईंनी आकडे पाहिले आणि त्या खुर्चीत सरळ झाल्या. “चारशे बारा? आमच्या दीडशेच्या जवळजवळ तिप्पट!”

“मग चारशेचंच ऐकायला हवं ना, काकू?”

सगुणाबाईंनी पुन्हा एकदा आकड्यांवरून नजर फिरवली. “खरं सांगू, पोरी? मलासुद्धा पूर्ण तळंच झाकायला हवंय. दवाखान्यातली वीज गेली की माझा जीव खालीवर होतो. वचनात अडकलेय म्हणून, नाहीतर... आणि हासुद्धा लोकांचाच आवाज आहे की!”

संध्याकाळी त्या ऊर्मीबरोबर कुमुदआत्याकडे आल्या. “ताई, परवा मतदान आहे. मी या मोठ्या आकड्याप्रमाणे मत दिलं तर वचन मोडलं असं होईल का?”

आत्या रागावली नाही. तिनं ढब्बूला हाक मारली. “ढब्बू, ऊर्मीला उत्तर दिलेली माणसं कुठं राहतात ते गटांच्या यादीतले पत्ते बघून नकाशावर दाखव.”

ढब्बूनं भिंतीवर विभागाचा नकाशा उमटवला. त्यावर एकेक करत हिरवे ठिपके चमकू लागले. तळ्याच्या अलीकडे, शाळेभोवतीच्या नव्या वसाहतीत हिरव्या ठिपक्यांचा गालिचा झाला. पलीकडच्या काठावर जुनी पेठ होती. तिथं मोजून तीन ठिपके पडले.

“पलीकडे माणसं राहत नाहीत का?” ढब्बूनं निरागसपणे विचारलं.

“निम्मा विभाग तिकडेच राहतो,” सगुणाबाई पुटपुटल्या.

“रश्श्यावर तर्री तरंगते ना,” आत्या म्हणाली, “तसं आहे हे. वरच्या वर पळी फिरवली तर तर्रीच येणार. पळी कितीही मोठी घ्या, खालच्या मटकीचा पत्ता लागायचा नाही. नीट ढवळून घेतलं तर मात्र एका चमच्यात सगळी चव कळते. सोडत काढणं म्हणजे ढवळणं. नमुना किती मोठा आहे यापेक्षा तो कसा घेतला, हे आधी पाहायचं.”

ऊर्मीचे कान तापले. “हे सगळं तू झेबाच्या बाजूनं बोलतेयस!”

“मग माझ्यावर विश्वास ठेवू नकोस,” आत्या शांतपणे म्हणाली. “स्वतः ढवळ. ढब्बू तुला कुठलीही शंभर घरं चिठ्ठ्या टाकून काढून देईल. ज्या घराची चिठ्ठी निघेल तिथंच विचारायचं, शेजारच्या घरी नाही. जे येईल ते बाईंना सांग.”

“मी उद्या संध्याकाळपर्यंत थांबते,” सगुणाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. ऊर्मी आणि ढब्बू सकाळीच निघाले. अलीकडची घरं भराभर झाली. पण जुन्या पेठेच्या बोळांत ढब्बूची चाकं फरशीच्या फटींत अडकू लागली आणि ऊर्मी दोनदा फिरून त्याच विहिरीपाशी आली. तिथंच झेबाचं घर होतं. झेबा दारात उभी राहून बघत होती.

“रस्ता चुकलीस?”

“हो,” ऊर्मी म्हणाली. मग तिनं काय चाललंय तेही सांगितलं, कारण खोटं बोलायला काही सुचेना.

झेबानं चपला घातल्या. “माझा कौल खोटा ठरवायला निघालीस, आणि मी तुला घरं दाखवायची?”

“नको दाखवू मग.”

“दाखवते. मलाही बघायचंय काय निघतं ते.”

दोघी दारोदार फिरल्या. एक शिंपीणकाकू म्हणाल्या, वीज हवीच, सगळं झाका. एक आजोबा म्हणाले, उन्हाळ्यात तळ्यावरून वारा येतो म्हणून झोप लागते, हातही लावू नका. एका बाईंनी आधी विचारलं, “आमचं मत घ्यायला कुणी कसं आलं? आजवर कधी आलं नव्हतं.” ऊर्मीनं त्यांचं मत लिहून घेतलं. ही सगळी माणसं तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहत होती, आणि प्रश्न पाठवताना त्यांची तिला आठवणही झाली नव्हती.

शंभर घरं संपली तेव्हा ऊन उतरलं होतं. ढब्बूनं बेरीज केली. पूर्ण तळं झाका म्हणणारे निघाले चव्वेचाळीस.

“ऐंशी नाहीत,” ऊर्मी हळूच म्हणाली. मग तिला एकदम आठवलं. “पण झेबा, तुमच्याकडे तर दीडशेत फक्त एक्केचाळीस होते. शंभराला सत्तावीस पडतात. म्हणजे तुमचाही आकडा चूकच!”

झेबानं डोकं खाजवलं. “तो शेवटचा आकडा. पहिल्या रविवारी, काहीच ऐकलं नव्हतं तेव्हा विचारलं होतं आम्हाला. तेव्हा अडुसष्ट जण पूर्ण तळ्याच्या बाजूनं होते.”

“अडुसष्ट भागिले दीडशे,” ढब्बू म्हणाला. “शंभरात पंचेचाळीस.”

चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस! ऊर्मी पायरीवर बसलीच. दोन वेगवेगळ्या सोडती, वेगवेगळी माणसं आणि जवळजवळ तेच उत्तर. दोघींनी एकाच भांड्यातला रस्सा ढवळून चाखला होता. मग पंचेचाळीसाचे सत्तावीस का झाले, तेही तिला उमगलं. ज्यांना माशांचं, शेवाळाचं, विजेचं सगळं गणित कळलं, त्यांतल्या काहींनी झेबासारखं मत बदललं होतं. कुणी त्यांना फसवलं नव्हतं. त्यांना विचार करायला वेळ मिळाला होता.

तरीही मनाचा एक कोपरा कुरकुरत होताच. आता बाईंना आकडा सांगितला नाही तर? चारशे बारा म्हणजे चारशे बारा, एवढंच म्हटलं तर बाई ऐकतील. त्यांनाही तेच हवंय. प्रयोगशाळा दुपारभर चालेल आणि झेबाचा कौल पडेल. तिनं झेबाकडे पाहिलं. झेबा ढब्बूच्या चाकातला चिखल काडीनं काढत होती.

“चल बाईंकडे,” ऊर्मी म्हणाली.

सगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे माझ्या मनाविरुद्ध हात वर करायचा.”

“काकू, पण लोक चुकले तर?” ऊर्मीनं विचारलं. हा प्रश्न तिला खरोखरच पडला होता.

“तर मला पुन्हा त्या दीडशेंसमोर उभं राहून माझं म्हणणं पटवून द्यावं लागेल. पटलं नाही तर ती चूक त्यांची असेल, आणि आपलीच चूक दुरुस्त करायला माणूस लवकर तयार होतो. मी त्यांच्या नावावर माझी चूक केली, तर ती दुरुस्त कोण करणार?”

मतदानाच्या दिवशी प्रेक्षकांच्या गॅलरीत दोघी शेजारी शेजारी बसल्या. पूर्ण तळं झाकण्याच्या ठरावावर दहा हात वर गेले. अकराव्या हाताची सगळे वाट पाहत होते, कारण सगुणाबाईंचं खासगी मत साऱ्या सभागृहाला ठाऊक होतं. बाई उठल्या. “माझं स्वतःचं मत या ठरावाच्या बाजूनं आहे, हे मी लपवत नाही. पण या खुर्चीत मी एकटी बसलेली नाही. माझं मत विरोधात.”

दहा विरुद्ध अकरा. ठराव पडला. त्यानंतर अर्ध्या तळ्याचा ठराव आला आणि तो मंजूर झाला. शाळेला रोज दुपारी तासभर वीज मिळणार होती. ऊर्मीला हवी होती तेवढी नाही, पण पूर्वीपेक्षा बरी.

घरी जाताना ती आत्याला म्हणाली, “मला अजूनही वाटतं, तिथं मी असायला हवं होतं.”

“वाटणारच,” आत्या हसली. “पण त्या एक्केचाळीस जणांचं काय? त्यांना अगदी तुझ्यासारखंच वाटत होतं. तुझं म्हणणं खोलीबाहेर राहिलं नव्हतं. ते मांडणारा चेहरा तेवढा दुसऱ्याचा होता.”

पावसाळा संपताना नवा प्रश्न आला : शहरातल्या चालकाविना धावणाऱ्या बसगाड्या कुठून कुठे जाव्यात? एव्हाना आणखी चार सभासदांनी आपापल्या विभागात कौल सुरू केला होता. पूर्व विभागाची सोडत निघाली. ऊर्मीचं नाव नव्हतं. झेबाचंही नव्हतं. मनाला पुन्हा जरासं टोचलं, ते ऊर्मीनं टोचू दिलं.

रविवारी ती गॅलरीत पहिल्या रांगेत जाऊन बसली. खाली दीडशे अनोळखी माणसं खुर्च्या ओढत होती, एकमेकांना पाणी देत होती. एक म्हातारे गृहस्थ चष्मा शोधत होते. एक पोरगेलासा पोलीस जांभई देत होता. या सगळ्यांत आपल्यासारखा विचार करणारं कोण असेल? ऊर्मी पुढे वाकली आणि एकेक चेहरा निरखून पाहू लागली.