दोन्ही हात अडकलेला माणूस

चेन्नईत तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, बायकांना वर सोडत नाहीत. मी फाटकापाशी उभी राहून मॅनेजरला तमिळमध्ये विनवत होते, बी पॉझिटिव्ह रक्ताचं कुणी आहे का, माझ्या भावाला ल्युकेमिया झालाय. तो नुसता मान हलवत होता. शेवटी वैतागून मी फोनवर बाबांना म्हणाले, "हा ठोंब्या काही बोलतच नाही हो!"

"त्यास ऐकू कमी येते," मागून कुणीतरी मराठीत म्हणालं.

वळून पाहिलं तर एका गालावर साबण, खांद्यावर टॉवेल. हा राणोजी. मूळचा तंजावरचा, इथे विमा कंपनीत नोकरीला. मराठी घरचंच, पण दोन-तीनशे वर्षं जुनं.

"माझे रक्त चालेल काय? बी पॉझिटिव्ह आहे."

मला हसू आलं. 2006 च्या त्या उन्हाळ्यात मला हसू म्हणून येत नव्हतं.

अद्वय एकोणीस वर्षांचा. केमोने वाईट पेशी मरत होत्या, पण रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्सही तळाला जात होत्या. मग हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल ठिपके. प्लेटलेट्स पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, म्हणून दर वेळी नवा दाता शोधायचा. अण्णा नगरच्या त्या हॉस्पिटलात मी कुणाकुणापुढे हात जोडले, त्याची मोजदाद नाही.

राणोजी मात्र न बोलावता येऊ लागला. आठवड्याभराचं अंतर सोडून पुन्हा हजर. एका हातातून रक्त मशीनमध्ये, तिथे प्लेटलेट्स काढून घेतल्या की बाकीचं दुसऱ्या हातात परत. दीड तास दोन्ही हात हलवायचे नाहीत. मी शेजारी स्टुलावर.

"यामिनी, नाकास खाज सुटली."

"सिस्टर विजयालक्ष्मींना बोलावू?"

"त्या फार जोराने खाजवतात."

मी रुमालाने त्याचं नाक खाजवलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, पाण्याची टाकी होती.

"आता ओठांस मुंग्या येताहेत."

"हे जरा जास्तच होतंय हां."

"खरेच सांगतो…" तो कानापर्यंत लाल झाला. सिस्टर हसत आल्या, म्हणाल्या, मशीनच्या औषधाने असं होतं, दूध पाज त्याला. मी पेला त्याच्या ओठांशी धरला. त्या वेळी कोण जास्त लाजलं, ते सांगत नाही.

चौथ्या खेपेला तो छताकडे पाहत म्हणाला, "अद्वय बरा झाला की तुम्हास एक विचारायचे आहे."

"आत्ताच विचारा ना."

"आत्ता नको. आत्ता तुम्हास 'नाही' म्हणता येणार नाही."

तो गमतीने बोलला नव्हता. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तो आवडत होता, खूप आवडत होता. पण ते प्रेम की नुसती उपकारांची जाणीव? भावाचा जीव ज्याच्या हातातून वाहत येतो, तो कुणालाही आवडेलच की. रोज रात्री स्वतःला विचारायचे आणि उत्तर न मिळता झोपायचे.

पुढच्या मंगळवारी अद्वयच्या हिरड्यांतलं रक्त थांबेना. प्लेटलेट्स सहा हजारांवर. राणोजी धावत आला. सिस्टरनी नेहमीचा प्रश्न विचारला, तीन दिवसांत काही गोळी?

तो थबकला. "काल… दाढ दुखत होती. शेजाऱ्याने दिली ती घेतली. अ‍ॅस्पिरिन."

"सांगितलं कशाला?" मी दातओठ खात मराठीत म्हणाले. "घेतली असती त्यांनी."

"त्या गोळीने प्लेटलेट्स निकामी होतात, यामिनी. पिशवी चढेल, रक्त थांबणार नाही."

"मग आज तुमचा उपयोग काय?"

बोलून गेले. त्याने फोन काढला. मॅन्शनमधल्याच सुब्बाचं रक्तही बी पॉझिटिव्ह, दाता म्हणून त्याची तपासणी आधीच झालेली होती; तो बसने तासाभरात पोचला, मशीनला लागला. पण राणोजी गेला नाही. दाढ धरून बाकावर बसून राहिला.

त्याचा खरंच काही उपयोग नव्हता. तरीही तो उठून जाईल की काय, या भीतीने मी दर दोन मिनिटांनी त्याच्याकडे पाहत होते. आणि माझ्या लक्षात आलं, अगंबाई, ही नुसती उपकारांची जाणीव नव्हे.

सुब्बाची पिशवी अद्वयला लागली. थेंब सुरू झाले. रक्त थांबेल की नाही, अजून कळायचं होतं. मी बाहेर येऊन राणोजीच्या शेजारी बसले.

"विचारा आता."

"आज? आज तर मी…"

"आज मला 'नाही' म्हणता येतं."

"आणि म्हणालात तर?"

"तर गोळीचा असर गेल्यावर यायचं, आणि प्लेटलेट्स द्यायच्या. याल ना?"

"येईन," तो लगेच म्हणाला.

"ठाऊक आहे मला. म्हणूनच विचारा म्हणते."

सुजलेल्या गालाने, शब्द चाचपडत त्याने विचारलं. मी हो म्हणाले. गेल्या तीन महिन्यांत ज्याला त्याला थँक्यू म्हणून माझी जीभ झिजली होती. या एका माणसाला मात्र त्या दिवशी मी थँक्यू म्हटलं नाही.