जाणती फरशी

शनिवारी सकाळी कोल्हापूरच्या वार्धक्य प्रयोगशाळेत डॉ. फरीदा मुलाणी पडद्यापुढे बसल्या होत्या. समोर मिरजेतल्या एका घराच्या 'जाणत्या फरशी'ची नोंद होती. घर शेजारी उभ्या असलेल्या डॉ. यशोधन गवाणकरांच्या आईचं होतं आणि पावलं ओळखणाऱ्या या फरशीचा शोध खुद्द यशोधन यांचाच.

"सर, तोल जाण्याचं कारण सापडलं की फरशी ते आपणहून दूर ठेवते. न्हाणीघर ओलं असलं तर वाळेपर्यंत त्याचं दार उघडत नाही. पण तुमच्या घरी कारणच सापडत नाहीये."

"म्हणजे?"

"सहा दिवस आई व्यवस्थित चालतात. फरशीवर तीन खुणा उमटतात, दोन पावलं आणि एक काठी. रविवारी अकराला काठी गायब, आणि पडण्याची शक्यता सातपट. रविवारी काय असतं?"

यशोधन दर रविवारी अकराला आईकडे जात. त्यांचे कान तापले.

"काही नाही," ते म्हणाले.

चैत्रात भाच्याच्या साखरपुड्याला त्यांनीच आईला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "म्हातारी माणसं पडू नयेत म्हणून मी जगभर भाषणं देतो, आणि माझीच आई काठी टेकत फिरते. लोक काय म्हणतील?" आईने हसून काठी खुर्चीमागे सारली होती. एवढा शहाणा माणूस, पण फरीदांना हे सांगायची हिंमत झाली नाही.

"उद्या तेरावा रविवार," फरीदा म्हणाल्या. "तेरा वेळा तेच घडलं की फरशी कारण पक्कं करते. मग आपल्यालाही कळेल."

दुसऱ्या दिवशी यशोधन आंब्याची पेटी घेऊन मिरजेला पोचले. एरवी त्यांचा चेहरा पाहताच उघडणारं दार उघडलं नाही. दारावरच्या पट्टीवर फरशीची अक्षरं उमटली : 'धोक्याचे कारण बाहेर आहे. दार बंद.'

त्यांनी मागे वळून पाहिलं. जिन्यात दुसरं कुणीच नव्हतं.

"आले रे यशा!" आतून घाईची, फरफटती पावलं आली. भिंतीवरून हात घासत होता.

"आई, थांब! आधी काठी घे!"

"काठी? मी कुठं काठी घेते?"

शेजारची दोन दारं उघडली. यशोधनना तिथून पळून जावंसं वाटलं. पण आत आई भिंतीला धरून उभी होती.

"आई, मी चुकलो!" ते सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडले. "मला तुझ्या काठीची लाज वाटली. आता माझीच वाटते. काठी घेऊन ये!"

आत पावलं मागे वळली. मग टक्... टक्... आवाज जवळ आला आणि कुलूप आपोआप सुटलं.

त्यांची मान वर होईना. आधी त्यांना काठीच्या टोकाचं झिजलेलं रबर दिसलं.

आईने त्यांच्या खांद्यावरून शेजाऱ्यांकडे पाहिलं आणि घाईने त्यांचा हात धरला.

"आत ये बघू पटकन," ती कुजबुजली. "लोक काय म्हणतील तुला?"