माझ्या मागं या

दिल्लीत धुकं पडलं की इथं ताटकळायचं आपण, हे ठरलेलंच आहे. बसा रे पोरांनो. आज विमान काही लवकर उतरत नाही. तुम्ही या टॅक्सी स्टँडवर नवे आहात म्हणून सांगतो. मागच्या गेटावर रात्रीचं कुणी बोलावलं तर जायचं, कामाला नाही म्हणायचं नाही. पण तिथं तोंडातून काय काढायचं आणि काय नाही, ते एकदा ऐकून ठेवा.

तुम्हाला वाटतं विमानतळ म्हणजे सूटबूटवाल्यांचा. पुढच्या दारानं बघाल तर तसंच दिसतं. अजिंठा-वेरूळ बघायला आलेले गोरे, कंपन्यांचे साहेब, आणि एका पोराला परदेशी धाडायला जीप भरून आलेलं अर्धं गाव. मागच्या गेटानं सामान येतं. यंत्रांचे भाग येतात, औषधं येतात, आणि कधीमधी माणूस येतो. लाकडी पेटीत. पूर्वी परमुलखात गेलेल्याची घरी राख यायची. आता तो स्वतः येतो, बायकोला त्याचं तोंड दिसतं. एवढे उपकार या विमानतळाचे आहेतच, आपण मान्य करायला पाहिजेत.

कडुबा याच स्टँडवरचा. माझा जिगरी दोस्त. निम्मं आयुष्य त्यानं टॅक्सी चालवली. प्रवासी दारातून बाहेर आला की याचा हात वर, आणि तोंडात एकच वाक्य, ‘चला, माझ्या मागं या.’ गोरा असो की काळा, माणूस मुकाट त्याच्या मागं चालायला लागायचा. आम्ही चिडवायचो की हा बायकोलाही हेच म्हणत असणार. पुढं त्यानं टॅक्सी विकून शववाहिका घेतली. घर चिकलठाण्यात, धावपट्टीच्या भिंतीला लागून. विमान उतरलं की फडताळातली भांडी वाजायची.

गेल्या वर्षीची पौषातली अमावस्या. कडुबाची लेक सायली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेले. मधल्या खोलीत तिच्यासाठी नवी बाज टाकून ठेवली होती. कडुबाचा सगळा जीव त्या बाजेत अडकलेला. मोबाईलला हात लावू द्यायचा नाही कुणाला, चार्जिंग संपेल म्हणून. घरून केव्हाही फोन येईल, म्हणायचा.

त्या संध्याकाळी त्याला काम आलं. पिशोरचे बद्रीनाथ म्हणून एक म्हातारे. पायाच्या इलाजासाठी दिल्लीला लेकाकडं गेले होते, तिथंच वारले. लेक गोकुळ, त्याला त्या विमानात जागा मिळाली नाही. तो सकाळी येणार होता आणि पेटी एकटीच पुढं आली होती. गावाहून त्यांच्या बायकोचा, द्वारकाबाईचा, कडुबाला फोन आला. बाई रडत नव्हती. एवढंच म्हणाली की आमच्या घरात परमुलखात गेलेल्या माणसाला घरच्यानं हाक घालावी लागते, त्याशिवाय त्याला वाट सापडत नाही. पेटी ताब्यात आली की मला फोन लावा आणि तो पेटीला टेकवा. कडुबा बरं म्हणाला.

विमान धुक्यानं लई उशिरा आलं. पेटी गाडीत चढवेपर्यंत कडुबा गारठून गेला. फोन काढून बघितला तर चार्जिंग थोडंच उरलेलं. आता बाईला फोन लावायचा, ती रेंजमध्ये येणार, मग हाक मारणार... आणि तेवढ्यात घरून फोन आला तर? त्यानं फोन परत खिशात टाकला. पेटीला काय ऐकू येतंय, असं त्याच्या मनात आलं. तरी सांगितलेलं काम टाळल्याची टोचणी होतीच. म्हणून त्यानं पेटीवर थाप मारली आणि सवयीनं बोलून गेला.

“चला बापू, घरी. माझ्या मागं या.”

दार लावलं, गाडी काढली.

फुलंब्रीपर्यंत काही वाटलं नाही. तिथून पुढं रस्ता सुनसान झाला, तसं त्याच्या ध्यानात आलं की गाडी हलकी चालतेय. मागं भरलेली पेटी असताना गाडी कशी चालते, हे त्याच्या पायाला ठाऊक होतं. ही रिकामी चालल्यासारखी वाटत होती. त्यानं थांबून मागचं दार उघडलं. पेटी होती. खिळेही जागच्या जागी होते.

पिशोरला अंगणात माणसं शेकोटीभोवती बसली होती. पेटी उतरवून उघडली. बद्रीनाथच होते, चेहरा शांत. बायकांनी रडायला सुरुवात केली. द्वारकाबाई मात्र पुढं झाली, त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि थांबली. मग पेटीत दोन्ही अंगांनी हात घालून चाचपायला लागली.

“काठी कुठंय?” तिनं विचारलं.

कुणाला काही कळेना. बद्रीनाथ काठीशिवाय पाऊल टाकत नसत, चांदीच्या मुठीची जुनी काठी होती ती. तिथल्या एकानं गोकुळला दिल्लीला फोन लावला. तो म्हणाला, काठी मी स्वतःच्या हातानं बापूंच्या उजव्या अंगाला ठेवलीय, माझ्यासमोर पेटी ठोकलीय.

द्वारकाबाईनं कडुबाकडं बघितलं.

“फोन लावला नाय तुमी.”

कडुबाचा हात खिशातल्या फोनवर गेला.

“मंग हाक कोनी मारली?”

त्यानं सांगितलं, जसं बोलला होता तसंच. बाईनं पेटीतल्या माणसाच्या छातीवरची चादर नीट केली आणि हळूच म्हणाली, “ह्ये हितं आलेलेच नायत. तुमच्या मागं आलेत. तुमच्या घरी.”

कडुबा गाडीकडं पळाला. तेवढ्यात फोन वाजला. साळूबाईचा, त्याच्या बायकोचा.

“आवं, सायलीच्या कळा सुरू झाल्यात. कुठं हाय तुमी?”

“निघालो. सोमनाथला बोलव, टॅक्सी घेऊन...”

“बोलावलंय. आन् तुमी कुनाला धाडलंय? म्हातारा हाय येक. मघापासून वट्यावर बसलाय. म्हनतो, डायव्हर म्हनले माझ्या मागं या.”

कडुबानं फोन कानाशी घट्ट दाबला.

“...काठी हाय का त्याच्याकडं?”

“अं? व्हय, हाय की.”

“साळू, ऐक. त्याला आत...”

फोन बंद पडला. ज्या फोनसाठी चार्जिंग राखून ठेवलं होतं, तोच अर्धा राहिला.

तो रस्ता त्यानं कसा कापला, ते त्याला आजही सांगता येत नाही. आरशात बघायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. गाडी रिकामी. मागं कुणी नाही. मागं कुणी नाही, याचीच भीती वाटत होती.

सोमनाथ म्हणजे मीच. मी पोचलो तेव्हा वट्यावर कुणी नव्हतं. घाईघाईत सायलीला गाडीत घेतलं, साळूवहिनींनी कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. घराला कुलूप बघून कडुबा दवाखान्यात आला तेव्हा पांढराफटक पडला होता. पहाटे सायलीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि लेकरासारखा रडला.

सकाळच्या विमानानं गोकुळ उतरला. कडुबानं त्याचे पाय धरून झालेलं सगळं सांगितलं. पोरगं भलं, रागावलं नाही. मागच्या गेटापाशी जाऊन त्यानं हात जोडले आणि हाक मारली, “बापू, चला. आई वाट बघतीय.” दोनदा मारली. वारा नव्हता, पान हललं नाही. पण कडुबा म्हणाला, सुटलो. गोकुळ पिशोरला गेला, अग्नी दिला.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, संध्याकाळी मायलेकी घरी न्या. घर झाडून ठेवावं म्हणून आम्ही तिघं चिकलठाण्याला आलो. साळूवहिनी किल्ली काढत होत्या. कडुबानं सहज विचारल्यासारखं विचारलं, “त्यो म्हातारा... वट्यावरूनच गेला नं?”

“गेलाच आसंल,” वहिनी म्हणाल्या. “थंडीनं कुडकुडत व्हता बिचारा. म्या म्हनलं, बाबा, भायेर कशाला, आत येऊन बसा. पुना बघते तं कुनीच नाय.”

कडुबाचा हात माझ्या दंडावर पडला. गार पडलेला होता.

कुलूप उघडलं. घर जसं सोडलं होतं तसंच. चूल विझलेली. खिडक्या आतून लावलेल्या. रात्रभर बंद राहिलेलं, थंडगार घर.

मधल्या खोलीत बाज. संध्याकाळी तिच्यावर सायली निजणार होती, कुशीत ते एका दिवसाचं लेकरू घेऊन.

बाजेच्या उशाला एक काठी टेकवून ठेवलेली. चांदीच्या मुठीची.

कडुबा जागचा हलेना. शेवटी मीच पुढं झालो. हात लावला...

मूठ गरम होती.