एका पेल्याचं माप

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आरोग्य खात्यातल्या तिच्या टेबलावर दोन पेले येऊन टेकले. एक लहान, एक मोठा. दोन्हींत पाणी.

तिने वर पाहिलं. यकृताच्या वॉर्डातला डॉक्टर, महिनाभरासाठी तिच्या मदतीला आलेला.

"हे काय?"

"तुमची चूक. प्रत्येक देशाचा पेला वेगळा. मोठ्यात चौदा ग्रॅम शुद्ध मद्यार्क धरतात, लहानात आठ. आणि तुमच्या तक्त्यात दोन्ही एकच."

सात देशांत दारूवर कर किती, दुकानं बंद कधी होतात, माणूस आठवड्याला किती पेले पितो, यकृताचे रुग्ण किती... असा तो तक्ता. चार वाजता समितीपुढे जायचा होता. त्यांतल्या एका बेटावरच्या देशात दुकानं रात्रभर उघडी, तरी पेले कमी; म्हणून वेळेच्या बंधनाचा उपयोग नाही, असं तिने खुशाल लिहून टाकलं होतं.

"तिथले लोक कमी पीत नाहीत," ती हळूच म्हणाली. "पेलाच मोठा आहे."

"आता कसं."

"पण ही चूक दिसली कधी?"

"आज सकाळी. तक्ता वाचत नव्हतो... समासातलं तुमचं अक्षर बघत होतो."

ती खाली बघून हसली. मग दोघं पेल्यांचे ग्रॅम करत बसले. खिडकीतलं ऊन पाण्यातून झिरपून तिच्या मनगटावर थरथरत राहिलं. तो आकडे सांगायचा – हळू, एखाद्याची झोप मोडू नये तसे.

"इतकं हळू का?"

"मला आकड्यांमागे खाटा दिसतात."

तीनच्या सुमारास बेटावरचा देश पिण्याच्या यादीत सर्वांत वर गेला. डॉक्टर तिकडेच निघाला होता, दोन वर्षं अभ्यासाला. त्याचं संमतीपत्र आज पाचच्या आत पाठवायचं होतं.

"दोन वर्षं काही फार नाहीत," ती सहज म्हणाली. नको तितकं सहज.

"कुणाच्या मापाने?"

चार वाजत आले होते. तिने कागद गोळा केले आणि ती समितीपुढे गेली.

समितीने दुकानांच्या वेळेवर पुन्हा चर्चा ठेवली. पाचला दहा कमी असताना ती धापा टाकत परतली. तो पेन हातात धरून बसला होता.

"माझं मघाचं वाक्य खोडायचंय."

"का?"

"माप चुकलं... दोन वर्षं फार आहेत. मला फार आहेत."

त्याने पेनचं टोपण लावलं आणि फोन उचलला.

मुदत उद्या दुपारी बारापर्यंत वाढून मिळाली आहे. संमतीपत्र मोठ्या पेल्याखाली आहे. सही अजून झालेली नाही.