कप्तान निखाराची गायब पानं

‘कप्तान निखाराने त्या काळ्या मुखवट्याला हात घातला. एका झटक्यात मुखवटा दूर झाला. “तू!” कप्तान ओरडला. त्याच्या समोर उभा होता...’

टिकलीने घाईघाईने पान उलटलं. समोर उभा होता पुस्तकाचा पुठ्ठा!

“नाही! परत नाही!” ती एवढ्या जोरात किंचाळली, की धाकटा भाऊ शेपूट पलंगावरून घरंगळलाच.

“याचाही शेवट नाही?” मोटारने विचारलं. मोटार म्हणजे टिकलीची चुलतबहीण. सुट्टीसाठी आली होती आणि तिच्या तोंडाला ब्रेक नव्हता. “म्हणजे लागोपाठ तिसरं पुस्तक! वैमानिक वाचला का? पैलवानाला कुणी कोंडलं? आता कळणार कसं?”

तिघंही तरातरा वाचनालयात गेली. पण तिथे भलतंच झालं. वाचनालयाच्या काकांनी पुस्तक चाळलं, आधीची दोन कपाटातून काढली आणि चष्म्यावरून टिकलीकडे पाहिलं.

“तिन्ही पुस्तकं तुझ्याच कार्डावर गेलेली! शेवटची पानं फाडून कुठे चिकटवलीस?”

“मी? काका, मी तर तक्रार करायला आले!”

“चोराच्या उलट्या बोंबा! हे पुस्तक घरी ने, तिन्हींची पानं शोधून आण, तोवर कार्ड जप्त!”

वर्तमानपत्रं वाचणारी सगळी माणसं माना वर करून बघू लागली. टिकलीचे कान तापले.

घरी आई शर्टाला बटण लावत होती. सगळं ऐकून ती हळूच म्हणाली, “चुकून फाटली असतील तर सांग बरं का. मी नाही रागावणार.”

हे तर फारच झालं! काकांच्या ओरडण्यापेक्षा आईचा तो मऊ आवाज टिकलीला जास्त लागला. ती पाय आपटत अंगणात गेली.

“आपण चोर पकडायचा!” ती म्हणाली. “कप्तान निखारा आणि त्याची टोळी पकडते तसा!”

पहिला उपाय बोटांच्या ठशांचा. मोटारने पुस्तकावर पावडर उधळली. ठसे काही उमटले नाहीत, पण शेपटाला शिंकांची उबळ आली आणि उरलेली पावडर टिकलीच्या डोळ्यांत गेली. दुसरा उपाय वेषांतराचा. बाबांचा कोट घालून मोटार वाचनालयात शिरली, तर काका म्हणाले, “बाळ, कोट उलटा घातलायस.”

“पुस्तकात कसं सगळं पटापट जमतं!” टिकली चिडून म्हणाली.

तिसरा उपाय पाठलागाचा. मोठा काळा गॉगल लावलेल्या एक बाई नेमक्या निखाराच्याच कपाटाशी घुटमळत असत. आज सकाळीही त्या एक पुस्तक घेऊन निघाल्या. तिघं झाडांआडून त्यांच्या मागे बागेपर्यंत गेली. बाई बाकावर बसल्या, पुस्तक वर्तमानपत्रात लपवून वाचू लागल्या. तेवढ्यात शेपूट पुन्हा शिंकला!

बाईंनी गॉगल काढला. त्या शाळेच्या मोठ्या बाई होत्या! ‘असली पुस्तकं’ दप्तरात सापडली की जप्त करणाऱ्या मोठ्या बाई!

“बाई, निखाराच्या त्या तीन पुस्तकांची पानं तुम्ही...?” टिकली चाचरत म्हणाली.

“मी? मूर्खासारखं बोलू नकोस! तो मुखवटेवाला कोण, या विचाराने माझी झोप उडाली आहे! तुझ्या आधी ती तिन्ही पुस्तकं मीच वाचली, दुसऱ्यांच्या कार्डांवर नेऊन. शेवट तेव्हाही नव्हता.”

“मग हे काकांना सांगा ना! प्लीज!”

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. “ते... शक्य नाही. मी ही पुस्तकं वाचते हे गावभर झालं तर काय अब्रू राहील माझी?” आणि गॉगल लावून त्या भराभरा निघून गेल्या.

टिकलीला रडूच फुटलं. साक्षीदार सापडला आणि तोही उपयोगाचा नाही! तिने हातातलं पुस्तक बाकावर आपटलं. ते ताठ उघडलं आणि लगेच आपोआप मिटलं.

टिकली रडायची थांबली. तिने पुस्तक पुन्हा उघडलं. जुनी पिवळी पानं, पण शिवणीचा दोरा पांढराशुभ्र. आणि फाटल्याची एक चिंधीसुद्धा नाही!

“मोटार, पानं कुणी फाडलीच नाहीत! पुस्तक नव्याने शिवताना ती शिवलीच नाहीत!”

वाचनालयाची पुस्तकं शिवणाऱ्या बायंडिंगवाल्यांच्या दुकानात डिंकाचा वास भरला होता. ते हातातलं काम न थांबवता म्हणाले, “आली तेवढी शिवली. शेवटची पानं सुटी झाली होती. तुमच्या वाचनालयाच्या काकांनीच ती काढून घेतली. म्हणाले, हरवतील, मी जपून ठेवतो, मागाहून देतो. मागाहून कुठली? पुस्तकंच घेऊन गेले!”

“चला, काकांना जाब विचारू!” मोटार उसळली.

“नको,” टिकली म्हणाली. “ते कबूलच करणार नाहीत. त्यांना आठवतच नसणार.”

वाचनालयात ती अगदी गरीब चेहरा करून काकांपुढे उभी राहिली. “काका, माझं जप्त केलेलं कार्ड नीट ठेवलंय ना? इथे टेबलावर एवढा पसारा... हरवलं तर?”

“हरवलं तर?” काका ताडकन उठले. “माझ्या हातून आजवर एक टाचणी हरवलेली नाही! जपायच्या वस्तू या कपाटात असतात, कुलपात! ये, बघ!”

कपाट करकरत उघडलं. आत एक छत्री होती, चष्म्याची दोन रिकामी घरं होती आणि सुतळीने बांधलेलं एक पुडकं. काकांनी त्यावर कार्ड ठेवलं.

“या पुडक्यात काय आहे, काका?”

“यात? यात...” काकांनी सुतळी सोडली. पिवळी पानं टेबलावर पसरली. काकांचा चेहरा पडला. “अरे देवा! ही तर... बायंडिंगला द्यायची राहिलीच!”

“आणि ती तिन्ही पुस्तकं या मुलीच्या आधी मी वाचली होती,” मागून खणखणीत आवाज आला. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, गॉगलशिवाय! “हो, मीच. कप्तान निखाराची सगळी पुस्तकं वाचते मी. हे सकाळीच सांगायला हवं होतं. घाबरले. टिकली, तू माझ्यापेक्षा धीट निघालीस.”

“चुकलो, पोरी,” काका पुटपुटले.

“मोठ्याने!” टिकली म्हणाली. “ओरडला होतात तेवढ्या मोठ्याने!”

काकांनी घसा खाकरला. “ऐका हो सगळे! पानं मीच विसरलो होतो! या मुलीचा काडीचाही दोष नाही! उलट तिने डोकं लावून ती शोधून काढली. शाबास!” वर्तमानपत्रं खाली झाली आणि टाळ्या पडल्या. शेपटाने तेवढ्यात बाहेर धूम ठोकली, आईला सांगायला.

“उद्या बायंडिंगला देतो,” काका पानं गोळा करू लागले.

“उद्या?” मोठ्या बाई आणि टिकली एकदमच ओरडल्या.

मग काय! बाईंनी खुर्ची ओढली, मोटारने पानं लावली आणि टिकली मोठ्याने वाचू लागली. शेपूट धापा टाकत परत आला, मागोमाग सुईदोरा हातातच घेतलेली आई. तिने लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि तीही ऐकत उभी राहिली.

एवढ्यात एक गृहस्थ पुस्तक बदलायला आले. “अहो काका, जरा...”

“थांबा हो!” काका त्यांच्यावर खेकसले. “शेवट चाललाय इथे!”